अडकलेलं चित्र

मोबाईल पालथे ठेवा सगळ्यांनी. हां, तुझाही. उजेडात ही गोष्ट सांगवत नाही, आणि सांगितली तर तुम्ही हसाल. हसायला माझी ना नाही, पण ज्याच्यावर ती बेतली तो माणूस वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. थापा मारणाऱ्यातला नव्हता. "थापा मारायला डोकं लागतं," असं तोच म्हणायचा, "आणि माझं डोकं मशिनांनी कधीच खाल्लंय."

ऑफिसात त्याला सगळे 'रिस्टार्ट' म्हणायचे. दुखणं कुठलंही असो, त्याचा पहिला उपाय ठरलेला. "बंद करून परत चालू केलंत का?" साहेबांचं डोकं दुखायला लागलं तरी हा तेच विचारायचा. माणूस हसरा होता, पण ते हसू ऑफिसच्या दारापर्यंतच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरी गेला की आधी टीव्ही लावायचा. बघायला नव्हे. घरात कुणीतरी बोलतंय एवढं वाटावं म्हणून.

त्यामुळे काय व्हायचं, सुट्टीच्या दिवसाची आणि अवेळची कामं आपोआप त्याच्या गळ्यात पडायची. ज्याची कुणी वाट बघत नाही त्याच्यावर सगळ्या जगाचा हक्क असतो.

काम आमचं असं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कॅमेरे बसवायचे. साधे नव्हेत हं. साधा कॅमेरा लावला तर म्हातारी माणसं त्याच्यावर टॉवेल टाकतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. हे इन्फ्रारेड कॅमेरे. ते उजेड बघत नाहीत, ऊब बघतात. चेहरा नाही, कपडा नाही, काही नाही. निळ्याजांभळ्या पडद्यावर माणसाच्या आकाराचा एक नारिंगी डाग तेवढा हलताना दिसतो. तो डाग उभा आहे, बसलाय की जमिनीवर पडलाय, हे सोबतचा कॉम्प्युटर ओळखतो, आणि पडला असेल तर दूरदेशी असलेल्या मुलाच्या फोनवर घंटा वाजवतो. कुणाला असं वाटेल की मुलाने त्यापेक्षा घरी राहावं. असो. त्यावर आपलं पोट होतं.

तर जानेवारीतला शेवटचा शनिवार. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ यावी. चंद्र नव्हताच. ऑफिस बंद व्हायच्या वेळी एका मुलाचा परदेशातून फोन आला. त्याची आई जुन्या वस्तीतल्या घरात एकटी राहायची. तिच्या घरचं सॉफ्टवेअर दोन दिवसांपासून पिसाळलं होतं. कधी म्हणे घरात तीन माणसं आहेत, कधी म्हणे एकही नाही, मग दिवसभर मुकंच. आणि आता संध्याकाळपासून एकच घोशा. 'व्यक्ती खाली पडली आहे.' आई फोन उचलत नव्हती, पण ती तशीही कमीच उचलायची.

"अपडेटनंतर असं होतं," साहेबांनी त्याला फोनवर सांगितलं. "घाबरू नका. आमचा माणूस पाठवतो."

आमचा माणूस म्हणजे कोण, ते सांगायला नको. रिस्टार्टने बॅग उचलली, जाकीट चढवलं आणि निघाला.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना जुनी घरं, त्यातली निम्मी बंद. एका खांबावरचा दिवा जळत होता, बाकीचे नुसतेच उभे. घर शोधायला त्याला वेळ लागला. बेल कुठे आहे ते चाचपत होता, तोवर दारच उघडलं.

दारात एक उंच, कडक बांध्याची म्हातारी. पांढरे केस घट्ट बांधलेले, अंगावर करडी शाल.

"किती वेळ लावलात," ती म्हणाली.

"आजी, पत्ता सापडेना."

"आजी नको. मावशी म्हणा. आत या."

तो आत गेला. दार मागे लागलं. कुलपाचा आवाज झाला का, हे मी त्याला पुढे कितीदा विचारलं. आठवत नाही म्हणाला. थंडीच इतकी होती, की आधी आत शिरायचं बघितलं.

आत आला तरी थंडी तशीच. समोरच्या खोलीत एक पलंग, त्यावर गादी गुंडाळून ठेवलेली. दोन खुर्च्या, एक टेबल. टेबलावर आमचा कॉम्प्युटर. भिंतीवर वरच्या कोपऱ्यात एक कॅमेरा. दुसरा कॅमेरा मागच्या खोलीत. त्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"चहा देता येणार नाही," मावशी समोरच्या खुर्चीत बसत म्हणाली.

"राहू द्या हो. आधी काम." त्याने जाकीट काढलंच नाही. "कॉम्प्युटरला नेमकं झालं काय?"

"परवा रात्री आपोआप बंद पडला. मग आपोआप सुरू झाला. त्यानंतर असा."

"तुम्ही जाग्या होतात?"

"मी जागीच असते."

त्याला ते वाक्य लागलं. तोही जागाच असायचा.

कामाला बसल्यावर मात्र गडी रमला. खोट लगेच सापडली. कॉम्प्युटरने रात्री स्वतःच स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि त्या भानगडीत कॅमेऱ्यांची जुनी ड्रायव्हर फाईल उडाली होती. ही फाईल म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाषी. तो गेला, की एक बोलतो मराठी आणि दुसरा ऐकतो भलतंच. त्यातून दोन्ही कॅमेऱ्यांना एकच नंबर पडलेला. एका पत्त्यावर दोन घरची पत्रं यावीत तसं दोन्ही खोल्यांचं चित्र एकमेकांत मिसळत होतं. एका खोलीतलं डोकं दुसऱ्या खोलीतल्या भिंतीवर.

"म्हणून तीन माणसं दिसत होती," तो हसत म्हणाला. "आता दोघांना वेगवेगळे नंबर देतो. झालं काम."

त्याने नंबर दिले. कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला. वरचा कॅमेरा 'टक' वाजला. हे कॅमेरे मधूनमधून असे वाजतात. डोळ्यासमोर स्वतःच झापड घेतात, नजर साफ करून घेतात, परत उघडतात. टक. सवय नसेल तर दचकायला होतं.

पडद्यावर दोन चौकटी आल्या. डावीकडे समोरची खोली, उजवीकडे मागची.

डावीकडच्या चौकटीत टेबलापाशी वाकलेला एक नारिंगी माणूस. तो स्वतः. त्याच्यासमोर दोन हातांवर मावशी बसलेली, पण चौकटीत तिची खुर्ची निळीशार. रिकामी.

आणि उजवीकडच्या चौकटीत, मागच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर आडवा पडलेला एक डाग. नारिंगी.

रिस्टार्ट खो खो हसला. "मावशी, बघा यानं काय केलंय. तुम्हाला इथून उचललं आणि मागच्या खोलीत नेऊन झोपवलं."

मावशी हसली नाही. मान पुढे करून तिने पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"घरात तुम्ही एकट्याच ना?" त्याने विचारलं.

"एकटीच," ती म्हणाली. "या घरात जो तो एकटाच."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुलगा. आवाज घाबरा. "परत आलं बघा! आई मागच्या खोलीत पडल्याचं दाखवतंय."

"अहो, काही नाही. चित्रांची अदलाबदल झालीय. आई माझ्यासमोर बसल्यात, ठणठणीत."

"देता का जरा फोन तिच्याकडे?"

त्याने फोन पुढे केला. मावशीने हात वर करून नको म्हटलं आणि तोंड फिरवलं.

"त्या... जरा कामात आहेत."

"रागावली असेल," मुलगा म्हणाला. "मीच बरेच दिवस फोन केला नव्हता. राहू दे. ती बरी आहे ना? मग झालं. दादा, फार उपकार झाले. दोन रात्री डोळा लागला नाही माझा. आता झोपतो."

फोन बंद झाला. मावशी त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"असं का सांगितलंत?"

"कसं?"

"ठणठणीत म्हणून."

"आहातच की!"

"तुम्ही यंत्राचं ऐकायला आलात," ती म्हणाली, "की माझं बघायला?"

म्हातारी माणसं तिरकं बोलतात, त्याला सवय होती. तो टेबलाखाली शिरला. दोन्ही केबली काढल्या, उलटसुलट करून लावल्या. बंद, चालू. टक. चौकटींच्या जागा बदलल्या, पण आतलं चित्र तेच. समोरच्या खोलीत तो एकटा. मागच्या खोलीत तो डाग.

"मावशी, जरा उठून इकडून तिकडे चालता का?"

ती उठली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. जमिनीवर पावलांचा आवाज आला नाही, पण म्हाताऱ्या माणसांच्या पायात जाड मोजे असतात, त्याने लक्ष दिलं नाही. त्याचं लक्ष पडद्यावर. मागच्या खोलीतला डाग तसूभरही हलला नव्हता.

"हां. मग अदलाबदल नाही. चित्र अडकलंय. मागच्या कॅमेऱ्याचं कधीतरी आधीचं चित्र तसंच राहिलंय. आमच्या धंद्यात याला भूत म्हणतात." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "तुम्ही कधी खाली बसून काही शोधत असाल, नेमकं तेव्हा याने डोळा मिटला, आणि तेच धरून बसलाय. मागे जाऊन कॅमेऱ्यापुढे जरा हात हलवून येता?"

"तिकडे मी जात नाही."

"का हो?"

"नाही जात."

"बरं, मग मी जातो."

मावशी ताडकन उभी राहिली. इतका वेळ दगडासारखा असलेला तो चेहरा एकदम बदलला. "जा," ती म्हणाली. "जा ना. आत्ता जा."

तो उठलाही होता. पण आमचा रिस्टार्ट पडला मुलखाचा व्यवस्थित. पडद्यावर नव्या ड्रायव्हरची फाईल उतरत होती, ती अर्धवट सोडून उठणं त्याच्या जिवावर आलं. "एवढं होऊ द्या," म्हणाला आणि परत खाली बसला.

मावशी उभीच राहिली. पण तिने जो श्वास सोडला... त्याला वाटलं, कुणीतरी दार उघडून बाहेरची थंडी आत घेतली.

फाईल उतरली. बंद. चालू. टक.

डाग तिथेच.

आता तोही वैतागला. भूक लागली होती, बोटं गारठली होती. असल्या हट्टी चित्रावर एक सोपा इलाज असतो. कॉम्प्युटरला सांगायचं, की बाबा, खोलीच्या एवढ्या भागाकडे बघूच नकोस. त्याने माऊस फिरवला, पलंगाच्या पायथ्याशी एक चौकोन काढला आणि बटण दाबलं. डाग नाहीसा झाला. खोली निळी. स्वच्छ. रिकामी.

"सुटलो! आता अलार्म नाही न् काही नाही. मुलगा शांत झोपेल."

"पुसलंत?"

"पुसलं नाही. आता दाखवणार नाही एवढंच."

"परत आणा."

"अहो मावशी, ते खोटं..."

"परत आणा ते!"

आवाज मोठा नव्हता. पण टेबलावरची केबल थरथरली. म्हणजे, त्याला तसं वाटलं. त्याने मुकाट्याने तो चौकोन काढून टाकला.

चित्र परत आलं.

तो बघत राहिला.

काहीतरी वेगळं होतं. काय, ते पटकन कळेना. डाग तिथेच होता. तसाच आडवा. पण मघाशी तो नारिंगी होता. पूर्ण. आता पाय जांभळे झाले होते. हात जांभळे. नुसती छाती आणि डोकं तेवढं नारिंगी, तेही विझत्या निखाऱ्यासारखं.

अडकलेलं चित्र फिकं पडत नाही.

हे वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि तिथेच थांबलं. अडकलेलं चित्र जसं आहे तसं राहतं. वर्षभर ठेवा. ते थंड होत नाही.

थंड काय होतं?

टक.

त्याने डावीकडच्या चौकटीकडे पाहिलं. स्वतःचा नारिंगी आकार. टेबलावर मघाशी हात टेकला होता, तिथे पंजाचा ठसा अजून धुगधुगत होता. माणूस जिथे टेकतो तिथे थोडी ऊब राहतेच. समोरची खुर्ची... मावशी इतका वेळ त्या खुर्चीत बसली होती.

खुर्ची निळी होती. बैठकसुद्धा निळी.

त्याच्या उजव्या खांद्यामागे करडी शाल दिसत होती. डोळ्याच्या कोपऱ्यात. अगदी जवळ.

पडद्यावर त्याच्या मागे कुणी नव्हतं.

तो वळला नाही. वळायचं धैर्य झालं नाही.

"मावशी..."

...

"मागे... मागच्या खोलीत कोण आहे?"

मग कानाशी, अगदी हळू, जणू तो शब्द तोंडातून काढायला फार कष्ट पडत होते...

"ती."

...

"जा आता."

तो कसा उठला, त्याला माहीत नाही. खुर्ची पडली. मागच्या खोलीचं दार ढकललं. हललं नाही. थंडीने फुगलं होतं की आतून काही आड आलं होतं, कोण जाणे. खांदा मारला. पुन्हा मारला. दार करकरलं आणि उघडलं.

अंधार.

पलंगाच्या पायथ्याशी एक बुटकी, गोल चेहऱ्याची म्हातारी पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. डोळे उघडे. त्याच्याकडेच बघत होते.

त्याने जाकीट काढून तिच्यावर टाकलं, पलंगावरची चादर, रजई, हाताला येईल ते टाकलं. हात हातात घेतले. बर्फ. तो ते चोळत राहिला. तोंडाने काय बडबडत होता त्याचं त्याला भान नव्हतं. तिचे ओठ हलले. त्याने कान जवळ नेला.

"केव्हापासून ऐकतेय," ती पुटपुटली. "हाका मारल्या... आवाज फुटेना." थांबली. मग म्हणाली, "कुणाशी बोलत होता हो?"

त्याने तिचा हात जाकिटाखाली सरकवला.

अँब्युलन्सला फोन केला. गल्लीत भोंगा ऐकू आला तसा तो दार उघडायला धावला. समोरच्या खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची पडलेली, पडदा चालू. त्याने दाराची कडी ओढली. दार उघडेना. कडीला आतून कुलूप होतं. चांगलं मुठीएवढं.

तो तसाच उभा राहिला. बाहेरून माणसं दार ठोठावत होती.

मागच्या खोलीत जाऊन त्याने विचारलं, "आजी, दाराची चावी?"

तिने डोळ्यांनीच दाखवली. तिच्या गळ्यातल्या दोरीत होती.

...

म्हातारी वाचली. खुब्याचं हाड मोडलं होतं, शुक्रवारी सकाळपासून ती तशीच पडून होती, आणि नेमकं त्याच वेळी सॉफ्टवेअर मुकं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर थंडीनेच नेली असती. मुलगा मिळेल त्या विमानाने आला. रिस्टार्टच्या गळ्यात पडून रडला. रिस्टार्टला फार ओशाळं वाटलं. तुझी आई ठणठणीत आहे, असं यानेच सांगितलं होतं ना? मुलाने विचारलंही, "दादा, तेव्हा तुमच्यासमोर कोण बसलं होतं?" याने सांगितलं, माझी गफलत झाली. एवढंच. मुलाने पुन्हा विचारलं नाही.

महिन्याभराने आजी घरी आल्या. मुलाने रजा वाढवून घेतली, आईचा पलंग दाराजवळ हलवला, दिवसा बघायला एक बाई ठेवली. आणि यंत्रणा नीट लावून द्यायला रिस्टार्टला बोलावलं. साहेब म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवतो. हा म्हणाला, नको, मीच जातो. ज्या घरातून पळून यावं त्या घरात हा परत का गेला, मला तेव्हा कळलं नव्हतं. आता थोडं कळतं. कुणीतरी त्याच्याशी रात्री बसून बोललं होतं. बऱ्याच वर्षांनी.

मुलगा औषधं आणायला गेला तसं आजींनी त्याला पलंगाजवळ बोलावलं. "खरं सांग. दार कुणी उघडलं तुला?"

त्याने सांगितलं. उंच. घट्ट बांधलेले केस. करडी शाल. आजी नको, मावशी म्हणा, म्हणाल्या.

आजी छताकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज बदलला.

"माझी मोठी जाऊ. तिला कुणी आजी म्हटलेलं खपायचं नाही."

मग हळूहळू सगळं सांगितलं. दोघी एकाच घरात नांदल्या, दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, आणि उरल्या दोघी जावा. एके दिवशी भांडण झालं. कशावरून, तर रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद. तेवढ्यावरून बोलणं बंद झालं ते झालंच. समोरची खोली तिची, मागची हिची. स्वयंपाकघर पाळीने. हिने भांडी आपटली की तिने कपाट आपटायचं, एवढाच संवाद. वर्षांमागून वर्षं.

"गेल्या थंडीत एका सकाळी कपाट वाजलं नाही," आजी म्हणाल्या. "मला कळलं, काहीतरी झालंय. पण तिच्या खोलीत जायचं कसं? बोलणं नव्हतं ना. मी बाहेर उभी. हाक मारू की नको, मारू की नको... शेवटी गेले तेव्हा अंग थंड होतं."

रिस्टार्टने त्यांच्या पायांवरची रजई नीट केली.

"तिने मात्र माझ्यासाठी हाक मारली," आजी म्हणाल्या. "मला नाही मारली. पण मारली."

तो उठून कामाला लागला. करायचं तरी दुसरं काय? नवी ड्रायव्हर फाईल, नवे नंबर, अपडेट आपोआप होणार नाही अशी तजवीज. टेबल मागच्या खोलीत आणलं, पडदा आजींना पलंगावरून दिसेल असा फिरवून ठेवला. चालू केलं. टक.

समोरची खोली निळी, रिकामी. मागच्या खोलीत दोन नारिंगी आकार. पलंगावर आजी, टेबलापाशी तो. जसं असायला हवं तसं. आजींनी हात हलवला, डागाने हात हलवला. दोघं हसली.

मग आजींचं हसू थांबलं. "तिथे काय आहे रे?"

उंबऱ्याच्या बाहेर, समोरच्या खोलीच्या बाजूला, फरशीवर दोन ठसे होते. आजूबाजूच्या निळ्याहून गडद, जवळजवळ काळे. म्हणजे फरशीहूनही थंड. पावलांचे ठसे. शेजारी शेजारी. बोटं आतल्या बाजूला.

तो जाऊन बघून आला. फरशी कोरडी. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्याने गरम पाण्याने फरशी पुसली. पडद्यावर ती सगळी जागा नारिंगी उजळली, विझली... आणि ठसे परत वर आले. कॉम्प्युटर बंद केला. चालू केला.

तसेच.

आजी पडद्याकडे बघत होत्या. खूप वेळ. बाहेर गल्लीत कुणी नव्हतं, घरात आवाज नव्हता. मग त्यांनी दाराकडे मान वळवली. घसा खाकरला. एकदा तोंड उघडून मिटलं.

"जाऊबाई," त्या म्हणाल्या. "आत या."

काही झालं नाही. दार हललं नाही, दिवा हलला नाही.

टक.

पडद्यावर उंबऱ्याबाहेरची फरशी निळी होती. एकसारखी.

आणि पलंगाशेजारी, आजींच्या उशाशी, दोन पावलं.

ती अजून तिथे आहेत.